न मिळालेल्या पत्राची तक्रार

डिसेंबर २००१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशासाठी लवकर अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांना निकाल ईमेलने कळवले. त्या काळात अमेरिकेतल्या असंख्य घरांत इंटरनेट पोचत असे ते एओएल या कंपनीमार्फत. एओएलच्या यंत्रणेने हार्वर्डकडून आलेले काही डझन निकाल स्पॅम ठरवले आणि परत फिरवले. वर्षभर ज्या पत्राची वाट पाहिली, नेमके तेच दारातून माघारी गेले. ही गोष्ट जगाला कळली, कारण ईमेल परत आले आणि विद्यापीठाला काहीतरी चुकल्याचे समजले. ते वाटेतच नाहीसे झाले असते तर विद्यापीठाने ते पोचले असे गृहीत धरले असते. विद्यार्थ्याला वाटले असते की निकाल लांबला, किंवा आपली निवडच झाली नाही. दोघांपैकी कोणीही तक्रार केली नसती, कारण तक्रार करण्यासारखे काही घडले आहे हेच दोघांना ठाऊक नसते.

स्पॅम अडवणारे प्रत्येक यंत्र दोन प्रकारे चुकू शकते. नको असलेला ईमेल आत सोडणे ही पहिली चूक, आणि हवा असलेला ईमेल बाहेर ठेवणे ही दुसरी. पहिली चूक आपल्याला रोज दिसते. लॉटरी लागल्याचा मेल इनबॉक्समध्ये आला की आपण चिडतो, ‘स्पॅम’चे बटण दाबतो आणि यंत्राला धडा मिळतो. दुसरी चूक झाल्याचे कोणाला दिसतच नाही, मग बटण कोण दाबणार? ज्या यंत्राला एकाच बाजूच्या चुका दाखवल्या जातात, ते हळूहळू दुसऱ्या बाजूला कलत जाणार. म्हणून हवे असलेले ईमेल वाचवण्याचा प्रश्न फिल्टरला चकवण्याच्या युक्त्यांनी सुटणार नाही, असे माझे म्हणणे आहे. ही दुसरी चूक दिसेल अशी व्यवस्था पाठवणाऱ्याने, स्वीकारणाऱ्याने आणि मधल्या यंत्रचालकाने मिळून करावी लागेल. पुढे हाच मुद्दा पुराव्यांनिशी मांडायचा आहे.

आधी हे पाहू की फिल्टरांची गरजच का पडली. ईमेल पोचवण्याचे जे नियम आजही मुळात चालू आहेत, ते जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. त्या वेळचे जाळे विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्कराशी संबंधित प्रयोगशाळा यांच्यापुरते होते. माणसे एकमेकांना ओळखत. त्यामुळे पाठवणारा जे नाव सांगेल ते खरे मानायचे, अशीच रचना झाली. टपालाच्या लखोट्यावर मागच्या बाजूला कोणीही कोणाचेही नाव-पत्ता लिहू शकतो, आणि आतल्या कागदावर तिसरेच नाव असू शकते. एसएमटीपीतही बाहेरचा पाठवणारा आणि आतला पाठवणारा असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि दोन्ही तपासण्याची सोय मूळ नियमांत नव्हती. या मोकळेपणाचा गैरफायदा त्याही आधी सुरू झाला होता. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्युर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या त्या वेळच्या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना एकगठ्ठा पाठवली, आणि लोक संतापले. टपालात जाहिरात पाठवणाऱ्याला निदान तिकिटाचा खर्च येतो. ईमेलमध्ये एक पत्र पाठवा की दहा लाख, पाठवणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. खर्च सगळा वाचणाऱ्याच्या वेळेचा. आजही जगातल्या एकूण ईमेलपैकी निम्म्याच्या आसपास स्पॅम असतो. फिल्टर काढून टाकले तर ईमेल वापरण्याजोगा उरणार नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

सुरुवातीचे फिल्टर शब्द पाहत. अमुक औषधाचे नाव आले की अडवा, ‘मोफत’ आले की अडवा. हे किती आंधळे होते याचे एक उदाहरण नेहमी दिले जाते. इंग्रजीत ‘स्पेशालिस्ट’ हा शब्द लिहिला की त्याच्या पोटात ‘सिआलिस’ या औषधाच्या नावाची सगळी अक्षरे ओळीने येतात. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरची भेट ठरल्याचा मेलही औषधविक्रीचा ठरू शकतो. मग २००१ मध्ये जस्टिन मेसन यांनी स्पॅमअसॅसिन हे मोफत सॉफ्टवेअर आणले. त्यात एका शब्दावर निकाल नसतो. शेकडो कसोट्यांना गुण असतात, त्यांची बेरीज होते आणि ती पाच झाली की ईमेल स्पॅम, असा त्याचा मूळ हिशेब आहे. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एक निबंध लिहिला आणि वेगळी वाट लोकप्रिय केली. आपल्याला आलेले चांगले आणि वाईट ईमेल यंत्रापुढे ठेवा, कोणता शब्द कुठे किती वेळा येतो ते यंत्रालाच मोजू द्या, आणि अठराव्या शतकातल्या थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या नियमाने नव्या ईमेलबद्दल अंदाज करू द्या. यंत्राने स्वतः शोधलेल्या खुणा माणसाला सुचल्या नसत्या अशा होत्या: भडक लाल रंगासाठी वापरला जाणारा संगणकी संकेत हा अश्लील शब्दांइतकाच पक्का पुरावा निघाला. पण त्या निबंधातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. ग्रॅहम यांनी चांगल्या ईमेलमधल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली. हवे असलेले पत्र गमावणे हे चार जाहिराती वाचण्यापेक्षा फार वाईट आहे, असे त्यांचे मत होते, आणि ते मत त्यांनी गणितातच घातले. दोन चुकांचे वजन सारखे नसते, हे फिल्टरच्या रचनेत लिहून ठेवता येते याचा हा स्पष्ट दाखला आहे. प्रत्येक फिल्टरमध्ये असे एक मूल्य दडलेले असतेच. कोणीतरी ते निवडलेले असते.

शब्दांपाठोपाठ आली पत. स्पॅम पाठवणारे शब्द बदलतात, अक्षरांच्या जागी आकडे घालतात, मजकुराऐवजी चित्र चिकटवतात. पण ज्या संगणकावरून पाठवायचे तो बदलणे तितके सोपे नसते. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफोर्ड यांनी सुरू केलेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था अशा संगणकांच्या इंटरनेट-पत्त्यांच्या काळ्या याद्या ठेवतात आणि जगभरचे मेलसर्व्हर त्या पाहून दार उघडायचे की नाही ते ठरवतात. या पद्धतीला आधार आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो नावाच्या एकाच होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली गेली, तेव्हा जगभरातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त घटल्याचे मोजले गेले. पण पतीचा हिशेब गठ्ठ्याने होतो, आणि इथे निरपराध भरडले जातात. स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच इंटरनेट-पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे राहतात. त्यातल्या एकाचा पासवर्ड चोरीला जाऊन तिथून स्पॅम सुटला की शेजारच्या वाचनालयाचे, शाळेचे, छोट्या कारखान्याचे ईमेलही अडतात. त्यांनी काहीच केलेले नसते आणि त्यांना कळतही नाही.

या अन्यायावर उपाय म्हणून गेल्या वीस वर्षांत ओळख पटवण्याच्या तीन पद्धती रुजल्या. एसपीएफमध्ये डोमेनचा, म्हणजे ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक आपल्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत लिहून ठेवतो की माझ्या नावाने अमुक संगणकच ईमेल पाठवतील. डीकेआयएममध्ये प्रत्येक ईमेलवर गणिती सही होते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. याहू आणि सिस्को यांच्या दोन वेगळ्या योजना एकत्र होऊन ही पद्धत २००७ मध्ये मानक बनली. आणि डीमार्कमध्ये मालक सांगतो की वाचणाऱ्याला दिसणारे नाव या दोन तपासण्यांशी जुळले नाही तर त्या ईमेलचे काय करायचे, आणि असे किती ईमेल आले याचा अहवाल कुठे पाठवायचा. यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: स्पॅम पाठवणारेही डोमेन विकत घेतात आणि त्यावर या तिन्ही नोंदी व्यवस्थित करतात, मग उपयोग काय? उपयोग असा की या पद्धती चांगुलपणाचा दाखला देत नाहीत, फक्त नाव पक्के करतात. नाव पक्के झाले की पत त्या नावाला चिकटते. शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा वाचनालयाला होण्याचा धोका घटतो, आणि स्पॅम पाठवणाऱ्याचे पाप त्याच्याच डोमेनवर जमा होते. शिवाय डीमार्कचे अहवाल हे या सगळ्या व्यवस्थेतले अनमोल साधन आहे, कारण आपल्या नावाचे किती ईमेल तपासणीत नापास झाले हे पाठवणाऱ्याला त्यातून प्रथमच दिसते. दुसऱ्या चुकीचा निदान एक भाग उजेडात येतो.

आता सर्वांत मोठा आक्षेप. गुगल सांगते की जीमेल ९९.९ टक्क्यांहून जास्त स्पॅम अडवते. मग उरलेल्या दशांश टक्क्यासाठी एवढी चर्चा कशाला? हा आकडा कशाचा आहे ते नीट पाहायला हवे. तो अडवलेल्या स्पॅमचा आहे. वाचवलेल्या चांगल्या पत्रांचा नाही. सगळेच ईमेल अडवणारे यंत्र शंभर टक्के स्पॅम अडवेल. चांगल्या पत्रांपैकी किती अडकली याचा आकडा काढणे मुळातच अवघड, कारण तो काढायला अडकलेली पत्रे कोणीतरी उघडून पाहावी लागतात. समजा ते प्रमाण हजारात एक इतके कमी आहे. पाच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने परीक्षेची तारीख बदलल्याचे कळवले तर पाच विद्यार्थ्यांना ते कळणार नाही. त्यातल्या प्रत्येकासाठी चूक हजारात एक नसते, पूर्ण एक असते. शिवाय अडकणारी पत्रे सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात. ज्याची पत नव्याने बनते आहे, ज्याचा सर्व्हर छोटा आहे, जो पहिल्यांदाच लिहितो आहे, त्याच्या पत्रांवर ही आपत्ती जास्त येते. नोकरीसाठीचा पहिला अर्ज, नव्या ग्राहकाची पहिली विचारणा, फार वर्षांनी लिहिणारा वर्गमित्र: ओळख नसलेल्या माणसाचे पत्र हेच फिल्टरच्या दृष्टीने संशयास्पद आणि आपल्या दृष्टीने कित्येकदा सर्वांत मोलाचे.

एखादा ईमेल स्पॅम आहे की नाही हे ईमेलमध्येच लिहिलेले नसते, याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दिला. २०२० च्या निवडणुकीत उमेदवारांच्या ईमेल-याद्यांत नाव नोंदवून त्यांनी जीमेल, आउटलुक आणि याहू या तिन्हींकडे प्रचाराचे ईमेल मागवले. जीमेलने उजव्या बाजूच्या उमेदवारांचे ईमेल डाव्यांपेक्षा ५९.३ टक्केबिंदूंनी जास्त प्रमाणात स्पॅममध्ये टाकले. आउटलुक आणि याहू यांचा कल उलट होता, तिथे डाव्यांचे जास्त अडकले. या आकड्यांवरून अमेरिकेत मोठा वाद झाला, रिपब्लिकन पक्षाने गुगलवर खटलाही भरला. कंपन्यांचा हेतू सिद्ध करणारे त्या अभ्यासात काही नव्हते, आणि त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट ही की तीन नामवंत यंत्रांनी तीन वेगळे निवाडे दिले, आणि वापरणाऱ्याच्या वागण्यानुसार काही निवाडे बदलले. म्हणजे स्पॅम हा एक अंदाज आहे, आणि तो अंदाज आपल्या वागण्यावरून घडतो. आपण काहीच केले नाही तर तो इतरांच्या वागण्यावरून घडतो.

‘स्पॅमचा फोल्डर आहे की, अधूनमधून पाहावा,’ असे कोणी म्हणेल. सल्ला चांगला आहे, पण त्यावर सगळा भार टाकता येत नाही. जीमेल स्पॅममधले ईमेल तीस दिवसांनी कायमचे पुसते. जीमेलमधला नेहमीचा शोध स्पॅम फोल्डरमध्ये शिरत नाही; तिथे शोधायला वेगळे सांगावे लागते, आणि बहुतेकांना हे माहीत नसते, त्यामुळे ‘मी शोधले, आलाच नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस चुकीचे सांगत असू शकतो. स्पॅममध्ये काही आले म्हणून फोन वाजत नाही. आणि मुख्य म्हणजे पुष्कळ ईमेल त्या फोल्डरपर्यंतही पोचत नाहीत. ते दारातच नाकारले जातात, किंवा कंपनीच्या यंत्रणेत अडकून पडतात, किंवा सरळ नष्ट होतात.

हे नष्ट होणे मला सगळ्यांत घातक वाटते. त्याचा इतिहास समजण्यासारखा आहे. पूर्वी नाकारलेल्या प्रत्येक ईमेलची सूचना पाठवणाऱ्याला जात असे. पण स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचे नाव खोटे असल्यामुळे त्या सूचना भलत्याच निरपराध माणसांच्या डोक्यावर कोसळू लागल्या, आणि चालकांनी सूचना देणेच थांबवले. या दोन टोकांमधला मार्ग तांत्रिकदृष्ट्या केव्हाचा उपलब्ध आहे. पाठवणारा सर्व्हर अजून जोडलेला असतानाच, म्हणजे ईमेल स्वीकारण्यापूर्वीच, ‘घेत नाही’ असे कारणासह सांगायचे. मग खऱ्या पाठवणाऱ्याला त्याचा स्वतःचा सर्व्हर कळवतो आणि तिऱ्हाईताला त्रास होत नाही. एसएमटीपीच्या २००८ सालच्या सुधारित नियमांतही हेच तत्त्व आहे: एकदा ईमेल स्वीकारला की तो पोचवण्याची किंवा न पोचल्याचे कळवण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्यावर येते, आणि गुपचूप टाकून देण्याचा मार्ग फक्त फसवणुकीची पक्की खात्री असेल तेव्हाच घ्यावा. हे तत्त्व न पाळल्याची किंमत फ्लोरिडातल्या पेन्साकोला शहरातल्या एका वकिली कार्यालयाने मोजली. २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या अशिलाविरुद्ध दिलेला आदेश ईमेलने आला. कार्यालयाच्या सर्व्हरने तो स्वीकारला, फिल्टरने स्पॅम ठरवला आणि कोणालाही न कळवता पुसून टाकला. अपिलाची तीस दिवसांची मुदत टळली. आपल्याला आदेश मिळालाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने पुरावा पाहिला: संगणक-सल्लागाराने ही मांडणी धोक्याची आहे असे आधीच सांगितले होते आणि कार्यालयाने खर्च नको म्हणून दुर्लक्ष केले होते. उलट समोरच्या वकिलांनी न्यायालयाचे संकेतस्थळ दर काही आठवड्यांनी तपासण्याचे काम एका माणसाला नेमून दिले होते. २०१७ मध्ये अपिली न्यायालयाने मुदतीतून सूट नाकारली. या निकालाने दुसऱ्या चुकीची जबाबदारी यंत्रावरून उचलून ते यंत्र तसे लावणाऱ्या माणसावर ठेवली, आणि ते योग्यच झाले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने इथे आणखी एक अडचण आहे. ज्या फिल्टरला चांगल्या ईमेलचे नमुने इंग्रजीतच मिळाले, त्याला देवनागरी मजकुराच्या चांगुलपणाबद्दल फारसे काही माहीत नसते. स्पॅमअसॅसिनमध्ये चालकाला अपेक्षित भाषांची यादी देता येते. यादीबाहेरच्या भाषेतल्या ईमेलला दोषाचे गुण जास्त मिळतात. पुण्यात बसून एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीतल्या मित्राला मराठीत लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तर यंत्राला रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. आणि आपल्याकडची एक सवय अडचणीत भरच घालते: निमंत्रण, सूचना, कार्यक्रमपत्रिका हे सगळे एका रंगीत चित्रात बसवून, वर एकही ओळ न लिहिता पाठवायचे. मजकूर चित्रात लपवण्याची युक्ती स्पॅम पाठवणाऱ्यांनी इतकी वापरली आहे की केवळ चित्र असलेला ईमेल सुरुवातीलाच संशयात सापडतो. चित्र हवे तर जोडावे, पण निमंत्रण चार ओळी युनिकोड मराठीत लिहावे. यात आणखी एक फायदा आहे. वाचणारा आपल्या खात्यात मराठी ईमेल उघडतो, उत्तर देतो, तेव्हा त्या खात्यापुरते तरी यंत्र मराठी शिकते.

संस्थांनी करायच्या गोष्टी आता बऱ्याच स्पष्ट आहेत, कारण गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून त्या नियम म्हणून लागू केल्या. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी हव्यात. जाहिरातवजा ईमेलमध्ये एका क्लिकवर यादीतून बाहेर पडण्याची सोय हवी. आणि ‘स्पॅम’ बटण दाबणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे, शक्यतो ०.१ च्याही खाली. हजारात तीन हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या संमेलनात जमवलेले पत्ते तसेच वापरणाऱ्या मंडळाला तो सहज ओलांडता येतो. यादी विकत घेणाऱ्याची अवस्था त्याहून वाईट, कारण अशा याद्यांमध्ये कोणीच वापरत नसलेले, केवळ स्पॅम पकडण्यासाठी ठेवलेले पत्ते पेरलेले असतात. महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांपासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत बऱ्याच संस्था फुकटच्या जीमेल पत्त्यावरून काम चालवतात. माणसामाणसांत लिहायला तो पुरेसा आहे. दिवसाला पाचशे जणांची मर्यादा आहे इतकेच. पण तोच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून घालून एखाद्या त्रयस्थ सेवेतून गठ्ठ्याने ईमेल पाठवले तर ते तोतयागिरीसारखे दिसतात आणि २०२४ च्या नियमांनुसार थेट स्पॅममध्ये जाऊ शकतात. संस्थेने स्वतःचे डोमेन घ्यावे. तिन्ही नोंदी म्हणजे डोमेनच्या खात्यात भरायच्या मजकुराच्या काही ओळी आहेत, त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत, आणि जाणत्या माणसाचे ते एका दुपारचे काम आहे. ज्यांचे ईमेल परत येतात ते पत्ते काढून टाकावेत. बाहेर पडू इच्छिणाऱ्याला अडवू नये; त्याला दार सापडले नाही की तो बटण दाबतो, आणि त्याचा फटका बसतो तो ईमेल हवा असणाऱ्यांना.

छोट्यांवर हे ओझे आहे, आणि यातून ईमेलची सत्ता दोन-तीन कंपन्यांच्या हाती जाते, ही तक्रार खरी आहे. नियम कोणी ठरवले, कोणाशी चर्चा केली, चुकीच्या निवाड्यावर दाद कुठे मागायची, याची उत्तरे समाधानकारक नाहीत. पण त्यावर ‘मग व्हॉट्सॲपच बरे’ हे उत्तर मला पटत नाही. ते एकाच कंपनीचे बंद अंगण आहे. ईमेलमध्ये निदान कोणीही आपला सर्व्हर उभारू शकतो, आणि नियम सगळ्यांना वाचता येतात. जे मोकळे आहे ते सोडून देण्यापेक्षा त्यातली दुरुस्ती करावी.

वाचणाऱ्याचा वाटाही मोठा आहे. आपणच नाव नोंदवलेल्या पत्रिकेचा कंटाळा आला की लोक ‘स्पॅम’ दाबतात, कारण ते जवळचे बटण आहे. तसे करणे म्हणजे ती पत्रिका आवडीने वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या विरोधात मत देणे. त्यासाठी नाव काढण्याची सोय वापरावी. बटण खऱ्या स्पॅमसाठी ठेवावे. बँक, डॉक्टर, शाळा, वकील, गृहनिर्माण संस्था यांचे पत्ते संपर्कयादीत घालावेत. ज्यांचा ईमेल चुकणे परवडणार नाही अशांसाठी ‘कधीही स्पॅममध्ये टाकू नये’ असा नियम जीमेलमध्ये लावता येतो. स्पॅममध्ये चांगले पत्र सापडले तर वाचून तिथेच ठेवू नये, ‘स्पॅम नाही’ असे कळवून बाहेर काढावे. यंत्राला दुसरी चूक दाखवणारा हाच एक इशारा आहे. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता नीट पाहिल्याशिवाय बाहेर काढू नये, कारण त्या फोल्डरमध्ये खरोखरचे ठगही असतात.

भारतात या सगळ्याला कायद्याचीही धार आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरले नसेल आणि स्वीकारणाऱ्याने आपला ईमेल पत्ता नेमून दिलेला असेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंद त्या संगणकव्यवस्थेत शिरली त्या क्षणी ती मिळाली असे धरले जाते. तुम्ही ती वाचली का, ती कोणत्या फोल्डरमध्ये पडली, हे त्या कलमात विचारलेले नाही. प्राप्तिकराचे चेहराविरहित करनिर्धारण ऑगस्ट २०२० पासून सुरू आहे. त्याच्या नोटिसा नोंदवलेल्या ईमेलवर आणि प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरच्या खात्यात येतात, आणि उत्तराची मुदत ठरलेली असते. जिथे ईमेल न मिळाल्याने हक्क बुडतो, तिथे नोटीस पाठवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने एसएमएस किंवा टपाल असा दुसरा मार्ग बंधनकारक मानला पाहिजे, आणि परत आलेल्या ईमेलची नोंद ठेवून त्या माणसाला पुन्हा गाठले पाहिजे. तोपर्यंत वाचकांना विनंती ही की प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी आणि बँक यांच्याकडे कोणता ईमेल पत्ता नोंदवला आहे ते तपासा, तो आजही उघडतो का पाहा, आणि त्या पत्त्याचा स्पॅम फोल्डर तीस दिवस पुरे होण्याच्या आत एकदा तरी वाचा.